मास्तर, किती उरलंय?

काशा,

तुझ्या बाराव्याला मी वेळेवर पोचलो, हे तुला आधी सांगतो. डहाणूहून सकाळची एसटी धरली, तलासरी नाक्यावर उतरलो, वेवजीची रिक्षा केली आणि दहाच्या ठोक्याला तुझ्या अंगणात उभा. पांढरा सदरा, हातात हार, चेहरा वाटेतच नीट करून ठेवलेला. अंगणात तुझी म्हैस तेवढी होती. तिने माझ्याकडे आणि हाराकडे आळीपाळीने बघितलं. तेवढ्यात तुझा पुतण्या दिलीप मागच्या दाराने आला आणि जागच्या जागी थांबला.

"मास्तर," तो म्हणाला, "बारावं उद्या आहे."

तेहतीस वर्षं गणित शिकवलं मी. बोटं मोजूनच घरून निघालो होतो. पण तू गेलास तो दिवस मी दोनदा मोजला होता. एकदा बातमी आली म्हणून, आणि एकदा तुला पोचवून परत आलो म्हणून.

तू असतास तर ही गोष्ट संध्याकाळच्या आत तलासरी नाक्यापर्यंत गेली असती. माझ्या फजित्या मी सांगायचो आणि तू त्या वाटायचास, असा आपला धंदा होता. माझ्याहून तूच त्या चांगल्या सांगायचास. तुला त्या सगळ्या पाठ होत्या, एक सोडून. ती एक मी तुला कधी सांगितली नाही. आता सांगतोय, म्हणजे बघ, नेहमीसारखा उशिराच आलोय. बारावं तेवढं अपवाद.

आपली ओळखच मुळी फजितीची. मी वेवजीच्या शाळेत नवा लागलो होतो. तू गावाच्या कबड्डी संघाचा कप्तान. एक गडी कमी पडला म्हणून तू मला शाळेच्या ओट्यावरून उचलून मैदानात घातलंस. "चष्मा काढ आणि कबड्डी कबड्डी म्हणत राहा, बाकी मी बघतो," एवढंच तुझं प्रशिक्षण. मी चढाईला गेलो. चष्मा नव्हता, त्यामुळे समोर सात गडी आहेत की एक लांबलचक माणूस आहे हे कळत नव्हतं. एकाच्या पायावर माझा पाय पडला आणि मी सवयीने म्हणालो, "सॉरी." कबड्डी कबड्डीच्या मध्ये दुसरा शब्द आला की दम तुटतो. पंचांनी मला बाद दिलं.

तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "मास्तर, तू त्याला शिवला होतास. गुण आपला होता. माफी कशाला मागितलीस?"

पुढे कुठल्याही लग्नात, कुठल्याही पंगतीत मला चुकून कोणाचा धक्का लागला की तू लांबून ओरडायचास, "दम गेला."

घंटेची गोष्टही तुझ्यामुळेच गोष्ट झाली, नाहीतर तिची चौकशी झाली असती. माझं हातातलं घड्याळ बंद पडलं होतं. मी ते हलवून चालू केलं, अंदाजाने लावलं आणि तासभर आधी शाळा सोडली. पोरं खुशीत घरी निघाली. त्याच दुपारी तपासणीला साहेब येणार होते. तू चिकूचे रिकामे क्रेट भरून टेम्पो घेऊन येत होतास. वाटेत पोरं दिसली, तू काय ते ओळखलंस. सगळ्यांना टेम्पोत चढवलंस, प्रत्येकाच्या हातात कालचे दोन चिकू दिलेस आणि साहेबांच्या समोर शाळेच्या दारात उतरवलंस. "मास्तरांनी सांगितलं होतं, पोरांना वाडी दाखवून आण. आणली," तू म्हणालास. साहेबांनी शेरा मारला की परिसर अभ्यास उत्तम. तो शेरा माझ्या नावावर आहे, काशा. अजून आहे.

तुला विचार करायला किती वेळ मिळाला होता? टेम्पो थांबवायचा आणि पोरं चढवायची, एवढाच. माझ्यासाठी खोटं बोलायला तुला तेवढा पुरला. तुझ्यासाठी खरं बोलायला मला चौदा वर्षं पुरली नाहीत.

आता त्या सामन्याकडे येतो. तू म्हणशील, आला एकदाचा.

डहाणूचं मैदान, रविवारची दुपार, दिवसाचे सामने. वेवजीचा संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत. समोर बंदराकडचा संघ, उंच, चपळ, सगळ्यांचे एकसारखे निळे गंजी. आपल्या पोरांचे गंजी तीन रंगांचे होते आणि दोघांच्या पाठीवर एकच आकडा होता. तू तेव्हा खेळणं सोडून प्रशिक्षक झाला होतास, आणि मी पंचांच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन टेबलावर. टेबलावर तीन माणसं असतात. एक गुण लिहितो, एक माइकवर बोलतो, एक वेळ बघतो. मला वेळ बघायला दिली होती. माझ्या हातात घड्याळ देणारा माणूस कोण होता हे आठवत नाही, पण त्याला माझी घंटेची गोष्ट ठाऊक नव्हती हे नक्की. मोठं आकड्यांचं घड्याळ नव्हतं. माझ्या हातातलं स्टॉपवॉच हीच मैदानाची वेळ.

उत्तरार्धाच्या मध्यावर माइकवाल्याचा घसा बसला. तो म्हणाला, "मास्तर, जरा सांभाळा." मी सांभाळलं. काशा, तुला माहीत आहे, माइक मिळाला की मला माझाच आवाज आवडायला लागतो. आपल्याकडे सामना चालू असताना लोक चिठ्ठ्या पाठवतात, चांगल्या पकडीला अमक्याकडून चिकूची पेटी, चांगल्या चढाईला तमक्याकडून टॉवेल. त्या चिठ्ठ्या मी अशा वाचत होतो की जणू दिल्लीहून आल्यात.

शेवटची दोन मिनिटं होत आली तेव्हा आपण एका गुणाने पुढे होतो. बंदरवाल्यांनी टाइम-आउट घेतला. मी घड्याळ थांबवलं. एक मिनिट पंचवीस सेकंद उरले होते. तेवढ्यात चिठ्ठी आली. "दिलीपने यापुढच्या चढाईत गडी मारला तर वेवजीच्या एका हितचिंतकाकडून एक गावठी कोंबडा." लोक हसले. म्हणून मी ती पुन्हा वाचली. पुन्हा हसले. मग कोंबडा कोणत्या रंगाचा, असं मी माइकवरून विचारलं, आणि गर्दीतून तीन वेगळे रंग आले, आणि मी त्या रंगांवर बोलत राहिलो. खेळ कधीच सुरू झाला होता. आपली एक चढाई रिकामी जाऊन बंदरवाल्यांचा गडी आपल्यात शिरला होता, तेव्हा मी खाली बघितलं.

घड्याळात एक मिनिट पंचवीस सेकंद उरले होते.

मी ते चालूच केलं नव्हतं.

चाळीस सेकंद गेले होते. थोडे इकडे तिकडे, पण चाळीस. ही बेरीज मी नंतर इतक्या वेळा तपासली आहे की परीक्षेत आली तर पोरं मला हसतील. अशा वेळी टेबलावरच्या माणसाने काय करायचं, हे पंचांच्या परीक्षेत विचारतात. उभं राहायचं, हात वर करायचा, पंचांना सांगायचं. पंच खेळ थांबवतात, वेळ दुरुस्त करतात. दहा जण शिव्या देतात, विषय संपतो. दोनदा नापास झालो असलो तरी हे उत्तर मला येत होतं.

मी अंगठ्याने बटण दाबलं आणि समोर बघितलं. गप्प बसलो. मैदानभर माणसं, माझ्या हातात माइक, आताच सगळे माझ्यावर खूश होऊन हसलेले. मी मनात म्हटलं, चाळीस सेकंदांनी कोणाचं काय बिघडतंय.

बंदरवाल्यांची चढाईही रिकामी गेली. आता आपली. तू बाकावरून उठलास आणि नेहमीसारखं टेबलाकडे बघून ओरडलास, "मास्तर, किती उरलंय?"

खरे पंचवीस सेकंद उरले होते. माझ्या घड्याळात एक मिनिट पाच. मी एक बोट वर केलं. एक मिनिट.

चढाईला तीस सेकंद मिळतात. पंचवीसच उरलेत हे कळलं असतं तर तू कोणालाही पाठवलं असतंस. जा, पलीकडच्या रेषेला पाय लाव, कबड्डी कबड्डी म्हणत उभा राहा, शिट्टी झाली की परत ये. सामना संपला असता. वेवजी अंतिम फेरीत गेली असती. पण मिनिटभर म्हणजे आपली चढाई होऊन त्यांचीही एक होणार, आणि आघाडी एकाच गुणाची. मी तुझ्या कपाळावरची आठी बघितली. तू हिशोब करत होतास. तू हिशोब बरोबर केलास, काशा. आकडा चुकीचा माझा होता. तू दिलीपला म्हणालास, "जा, एक घेऊन ये."

त्याला कोपऱ्यात चौघांनी धरला. बरोबरी झाली. पुढच्या चढाईत बंदरवाल्यांनी आपले दोन टिपले आणि मी शिट्टीसाठी हात वर केला. त्या वेळी माझं घड्याळ अगदी बरोबर चालत होतं.

परतीच्या टेम्पोत कोणीतरी म्हणालं, "काशाने कोंबड्यासाठी पोराला आत पाठवला." सगळे हसले. तूही. मीच तो कोंबडा माइकवर दोनदा ओरडून मोठा केला होता. मीही हसलो.

ते टेम्पोत संपायला हवं होतं. संपलं नाही. पुढच्या वर्षी तुला कोणी बाकावर बसायला बोलावलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. तू रस्त्याने गेलास की पोरं मागून आरवायची. तुझ्या मुलीच्या लग्नात, नवरीला निरोप देताना, मांडवाच्या मागून कोणीतरी आरवलं. पाहुणे हसले. सुमनवहिनी हसल्या नाहीत. तू हाताने 'असू दे' केलंस आणि मी वाढप्याला उगाच हाक मारून पापड मागितला.

आणि ती चर्चा. तलासरी नाक्यावर गुजराती भरतभाईच्या चहाच्या टपरीवर चौदा वर्षं चाललेली. बाहेरच्याला वाटेल राज्याचा कारभार चाललाय. भरतभाईचं ठरलेलं, "एक पॉइंटनी आगळ होते ने, मग टाइम काढायचा. माझी बायडी पण टाइम काढली असती." दिलीपचं ठरलेलं, "काका, टाइम-आउट शिल्लक होता. मला श्वास घ्यायला तीस सेकंद दिले असते तर मी त्या कोपऱ्यात शिरलोच नसतो." मग तू बशीतला चहा संपवायचास, बशी खाली ठेवायचास आणि म्हणायचास, "मिनिटभरात त्यांची एक चढाई येतेच. एका गुणावर मी पोरांना उभं करून ठेवू? आज परत वेळ आली तरी मी हेच करीन. विचारा मास्तरला. मास्तर, किती उरलं होतं?"

"एक मिनिट," मी म्हणायचो.

"ऐका. टेबलावरचा माणूस सांगतोय."

प्रत्येक वेळी तू माझीच साक्ष काढलीस. आणि मला तेव्हा असं वाटायचं की मी तुझ्या बाजूने बोलतोय. याहून मोठी फजिती माझी दुसरी नाही, पण ती कोणाला सांगून हसवण्यासारखी नव्हती.

सांगायला निघालो नव्हतो असं नाही. एकदा तुझ्या चिकूच्या वाडीत आलो होतो, खास त्यासाठी. तू जाळी लावलेल्या बांबूने फळं उतरवत होतास. मी म्हटलं, "काशा, त्या सामन्याचं एक सांगायचं आहे." तू वर बघतच म्हणालास, "तू तरी राहू दे रे. एक तू सोडलास तर सगळे तेच बोलतात." मला बरं वाटलं. सुटलो म्हणून बरं वाटलं. मी खाली पडलेले चिकू गोळा करून दिले आणि घरी आलो.

मग वापीचा दवाखाना. शेवटच्या भेटीला मी आलो तेव्हा तू उशीला टेकून बसला होतास. हात बारीक झालेले. मी काहीतरी हवापाण्याचं बोलत होतो. तू मध्येच म्हणालास, "डॉक्टर महिना म्हणतो. तू टेबलावर असतास तर दीड झाला असता."

आणि हसलास. खोकला येईपर्यंत हसलास. नर्स येऊन मला रागावली.

मी त्या वाक्यापाशी अडकून बसलोय, काशा. माझी घड्याळं धड चालत नाहीत हे गावाला माहीत आहे. घंटेपासून सगळेच ती थट्टा करतात, तू तर रोज. पण तू टेबल म्हणालास. तुला काही कळलं होतं का? की तो तुझा नेहमीचाच टोला होता, कुठेही चालणारा? मी त्या वेळी विचारू शकत होतो. पलंगाशेजारी स्टुलावर बसलो होतो, खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी पाणी देऊ का, असं विचारलं. तू महिना पुरा केला नाहीस. आता ते कोणाला विचारू?

तर मी एक दिवस आधी आलो तुझ्या बाराव्याला. दिलीप म्हणाला, "आलाच आहात तर सामान आणायला नाक्यावर चला." म्हणून पुन्हा तलासरी. भरतभाईने न विचारता तीन कप भरले. एक तुझा. मग त्याच्या लक्षात आलं, त्याने तो स्वतःकडे ओढला आणि काही बोलायचं म्हणून म्हणाला, "काशाभाई माणूस सोन्याचा. बस, एक ते दिवशी टाइम काढला असता ने…"

"टाइम-आउट," दिलीप म्हणाला. "मी अजून म्हणतो."

तू नव्हतास. बशी खाली ठेवणारा कोणी नव्हता. मला कोणी विचारलं नाही किती उरलं होतं, आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. चिठ्ठी, कोंबड्याचा रंग, बंद घड्याळ, अंगठा.

दोघं ऐकत होते. दिलीपने मध्येच तोंडावर हात धरला. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "ही नवीन आहे. भारी आहे. पण सॉरीवालीची सर नाही."

"अरे ही खरी आहे."

"सॉरीवाली पण खरीच होती ने," भरतभाई म्हणाला.

मी शपथ घेतली. दिलीपचा चेहरा जरा बदलला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. "कळलं मला," तो म्हणाला. "काकाच्या डोक्यावरचं तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेताय. मेलेल्या माणसासाठी एवढं कोण करतं. पण काकालाही ते आवडलं नसतं."

आयुष्यभर स्वतःच्या चुका सांगून लोकांना हसवलं, त्याचं फळ हे. खरी चूक सांगितली तर लोकांनी ती माझ्या मोठेपणात जमा केली. भरतभाईने चहाचे पैसे घेतले नाहीत.

परत आल्यावर मी सुमनवहिनींकडे गेलो. त्या मागच्या पडवीत सूप घेऊन बसल्या होत्या, उद्याचे तांदूळ निवडत. मी उभ्यानेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. तांदळातून खडा काढायच्या, बाजूला टाकायच्या, पुन्हा बघायच्या. माझं संपल्यावरही थोडा वेळ तेच चाललं.

"तुम्ही एक बोट दाखवलं होतं ना, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ते घरी येऊन सांगायचे. सगळे बोलले की रात्री जेवताना सांगायचे. मास्तरने एक बोट दाखवलं, मास्तर चुकीचं दाखवणार नाही."

त्यांनी आणखी एक खडा काढून टाकला.

"म्हणजे त्यांचं बरोबर होतं."

"बरोबर होतं, वहिनी."

"मग मला कशाला सांगता? मला ते ठाऊकच होतं. गावाला सांगा."

"सांगितलं. कोणी मानत नाही."

"मानेपर्यंत सांगा," त्या म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या.

तुझ्या घरातून मी पहिल्यांदाच चहा न घेता निघालो, काशा. त्यांनी विचारला नाही. मी थांबलोही नाही.

बाराव्याच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात शोकसभा झाली. जुना संघ आला होता, पोटं सुटलेला, तरी ओळीत उभा राहिला. बंदरवाल्यांचे दोघं आले होते, त्यातला एक तर दिलीपला धरणाऱ्या चौघांपैकी. भाषणं झाली. तुझ्या कप्तानकीवर सगळे बोलले, त्या सामन्यावर कोणी नाही, पण मागे बसलेल्या दोघा-तिघांच्या ओठांवर तो होता हे मला दिसत होतं. मग दोन मिनिटं स्तब्धता. आणि अर्थात माइक माझ्याकडे. "मास्तर, तुम्हीच वेळ बघा," दिलीप म्हणाला. कोणीतरी शाळेच्या कपाटातलं स्टॉपवॉच आणून हातात दिलं.

सगळे उभे राहिले. मी बटण दाबलं. दाबलं आहे ना, हे दोनदा बघितलं.

दोन मिनिटं झाली. मी काही बोललो नाही.

पहिले दहा सेकंद कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकाने पाय बदलला. कोणीतरी घसा साफ केला. दोन मिनिटं वीस सेकंदांवर भरतभाईने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मागून कुजबुज आली. लहान मुलं आयांचे पदर ओढायला लागली. बंदरवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. पस्तिसाव्या सेकंदाला दिलीप माझ्याजवळ सरकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "मास्तर, झाली की वेळ."

मी माइक तोंडाशी धरला. माझा आवाज मला त्या दिवशी आवडला नाही.

"दोन मिनिटं मघाशीच झाली," मी म्हणालो. "वर आता चाळीस सेकंद झाले. तुम्हाला सगळ्यांना ते लांब वाटले. डहाणूच्या त्या सामन्यात एवढाच वेळ माझं घड्याळ बंद होतं. मला ते कळलं होतं आणि मी बोललो नाही. काशिनाथने मला विचारलं तेव्हा पंचवीस सेकंद उरले होते. मी त्याला एक मिनिट दाखवलं."

कोणी हसलं नाही. मी वाट बघत होतो, कोणीतरी हसेल म्हणून. वहिनी बायकांच्या रांगेत उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, लोकांकडे बघत होत्या. एकेकाच्या तोंडाकडे, तांदूळ निवडताना बघत होत्या तशा.

दिलीप माझ्या बाजूला तसाच उभा होता. डोळे मैदानावर, जिथे मधली रेषा असते तिथे. त्याचा उजवा पाय किंचित पुढे सरकला आणि थांबला. मी समजलो तो कुठे आहे ते. चौदा वर्षं तो त्या कोपऱ्यात शिरतोय आणि चौघं त्याला धरतायत.

"पंचवीस?" तो म्हणाला.

"पंचवीस."

"मग नुसता पाय लावून यायचं होतं मला."

"हो," मी म्हणालो.

तो माझ्याकडे न बघता खाली बसला, तिथेच मातीत, पाहुण्यांच्या समोर. भरतभाई त्याच्यासाठी पाणी आणायला गेला. माझ्यासाठी कोणी आणलं नाही, आणि ते बरोबरच होतं. हळूहळू लोक पांगले. जाताना रस्त्यावर कोणी आरवलं नाही. मी फाटकापर्यंत कान देऊन चाललो, काशा. कोणी आरवलं नाही.

स्टॉपवॉच परत द्यायचं राहिलं. घरी आल्यावर खिशात सापडलं. चालूच होतं.